घरच्या घरी श्रिंप बॉइल: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मसाल्याच्या खारट पाण्यात बटाटे, सॉसेज, मक्याची कणसं आणि सालासकट कोळंबी एकामागून एक सोडायची, शिजवायची, निथळायची आणि सगळा ढीग टेबलावर कागद पसरून त्यावर ओतायचा. मग सगळ्यांनी भोवती बसून हातानं सोलून खायचं. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर याला श्रिंप बॉइल म्हणतात. तिकडे तो अंगणात, प्रोपेनच्या मोठ्या बर्नरवर, वीस-तीस माणसांसाठी रांधतात. पण चार माणसांपुरता तो घरच्या ओट्यावरही उत्तम होतो, आणि त्यासाठी सुगरण असण्याची गरज नाही. फक्त एक गोष्ट आधीच नीट समजून घ्यायला हवी.

कोळंबी शिजते उकळीत आणि मुरते गॅस बंद केल्यावर. शिजायला तिला दोन-तीन मिनिटं पुरतात. मीठ-मसाला सालाच्या आत पोचायला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पहिल्यांदा करणारा माणूस ही दोन्ही कामं एकाच उकळीत उरकायला बघतो. मग एक तर कोळंबी चिवट होते, नाहीतर चव सालावरच राहते आणि आतला गर अळणी निघतो. खालची सगळी कृती हा पेच सोडवण्यासाठी आहे.

लुइझियाना की कॅरोलायना?

लुइझियानात, विशेषतः न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात, पाणी लालभडक असतं. वसंत ऋतूत तिथे क्रॉफिश (गोड्या पाण्यातला, छोट्या शेवंडासारखा जीव) उकडण्याचा धडाका असतो, आणि त्याच पद्धतीनं कोळंबीही करतात: भरपूर मीठ, भरपूर तिखट आणि गॅस बंद केल्यावर बराच वेळ मुरवणं. न्यू ऑर्लिन्समध्ये १८८९ साली सुरू झालेल्या झॅटरेन्स कंपनीची 'क्रॅब बॉइल' मसाल्याची पुरचुंडी तिथे घरोघरी वापरतात. त्यात पिवळी मोहरी, धणे, केयेन मिरची, लॉरेलची पानं (बे लीफ), शेपूचं बी आणि ऑलस्पाइस (मिरीसारखे सुगंधी दाणे) असतं, सगळं अख्खं किंवा जाडसर.

साउथ कॅरोलायनात ब्यूफर्टजवळ सेंट हेलेना नावाचं बेट आहे. तिथल्या फ्रॉगमोर या वस्तीवरून तिकडच्या बॉइलला 'फ्रॉगमोर स्टू' म्हणतात. त्यात बेडूक नसतो आणि रस्साही नसतो. त्याचा मसाला सौम्य असतो. बरेच जण ओल्ड बे नावाचा तयार मसाला वापरतात, जो खरा मेरीलँडचा. नाझी जर्मनीतून निसटून बाल्टिमोरला आलेल्या गुस्ताव ब्रुन यांनी तो १९३९ मध्ये तयार केला. सेलरीचं मीठ ही त्याची ओळख.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला लुइझियानाची पद्धत घ्या आणि तिखट अर्ध्यावर आणा. मुरवण्याचं तंत्र तिथे जास्त पक्कं आहे, आणि ते एकदा हाताखालून गेलं की मसाला कुठलाही घ्या, बॉइल जमतो.

सामान

चार जणांसाठी: सालासकट कोळंबी १ किलो, लहान बटाटे ७०० ग्रॅम, मक्याची कणसं ४ (प्रत्येकाचे तीन तुकडे), धुरावलेलं सॉसेज ४०० ग्रॅम, कांदे २, लसणाचे अख्खे गड्डे २ आणि लोण्यासाठी वेगळ्या सात-आठ पाकळ्या, लिंबं ३, लोणी १०० ग्रॅम, बर्फ दीड किलो. पाणी ५ लिटर. हे सगळं मावायला निदान १२ लिटरचं पातेलं लागतं. तेवढं मोठं नसेल तर सगळं निम्मं करा. गच्च भरलेल्या पातेल्यात पाण्याची उकळी लवकर परत येत नाही आणि सगळे अंदाज चुकतात.

सॉसेज लुइझियानात आंदूई जातीचं घेतात, म्हणजे जाडसर कापलेल्या डुकराच्या मांसाचं, चांगलं धुरावलेलं. ते बहुधा शिजवलेलंच मिळतं, पाकिटावर एकदा बघून घ्या. कच्चं असेल तर आधी वेगळं पूर्ण शिजवा. डुक्कर खात नसाल तर टर्की किंवा कोंबडीचं धुरावलेलं सॉसेज घ्या, पण धुरावलेलंच घ्या, कारण तो धूर पाण्यात उतरून बटाट्यांना लागतो.

पाहुणे बोलावले असतील तर कोळंबीची ॲलर्जी कुणाला आहे का हे आधी विचारा. इथे सगळं एकाच पाण्यात शिजतं, त्यामुळे "तू फक्त बटाटे खा" असं म्हणून भागत नाही. ज्यांची ॲलर्जी तीव्र असते त्यांना उकळत्या कोळंबीच्या वाफेनंही त्रास होऊ शकतो.

कोळंबी निवडताना

अमेरिकेत कोळंबीचा आकार पौंडात किती बसतात त्यावरून सांगतात. पाकिटावर १६/२० असेल तर एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, १६ ते २० नग. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. बॉइलसाठी २१/२५ किंवा १६/२० घ्या. त्याहून लहान असली की ती डोळ्यांदेखत जास्त शिजते, आणि नवख्या हाताला तेवढा वेग नसतो.

साल ठेवाच. सालामुळे गर एकदम आक्रसत नाही आणि पाण्यालाही चव येते. डोक्यासकट मिळाली आणि अगदी ताजी असली तर जरूर घ्या. डोक्यातल्या पिवळसर-केशरी मगजाची चव दुसऱ्या कशाला नाही. पण डोक्यात पाचक रस असतात. कोळंबी शिळी होऊ लागली की ते मानेजवळचा गर मऊ, पिठूळ करून टाकतात. म्हणून शंका वाटली तर बिनडोक्याची बरी.

वास समुद्राच्या पाण्यासारखा हवा. अमोनियाचा झणका आला तर ती घेऊ नका, घरी आणली असेल तर टाकून द्या. सालावर काळे ठिपके दिसले म्हणजे ती कुजली असा अर्थ होत नाही. कापलेलं फळ काळं पडतं तशीच ती क्रिया असते. फक्त ती ताजी नाही एवढं त्यातून कळतं.

गोठवलेल्या कोळंबीला नाकं मुरडू नका. बोटीवरच गोठवलेली कोळंबी कित्येकदा दुकानात बर्फावर दोन दिवस पडून राहिलेल्या 'ताज्या'पेक्षा चांगली निघते. घटकांची यादी मात्र वाचा: तिथे फक्त कोळंबी, फार तर मीठ हवं. सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट लिहिलं असेल तर त्या कोळंबीला पाणी धरून ठेवायला लावलं आहे असं समजा. अशी कोळंबी शिजल्यावर फुगीर, रबरी लागते आणि मसालाही नीट धरत नाही. वितळवायला रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर पिशवीत घट्ट बंद करून थंड पाण्यात अर्धा-पाऊण तास. गरम पाण्याखाली कधीच नाही.

पाठीवरचा काळा दोरा काढायचा तर छोट्या कात्रीनं साल पाठीवर मधोमध चिरा, सुरीच्या टोकानं दोरा उचला आणि साल तसंच राहू द्या. पाठ चिरलेली कोळंबी लवकर शिजते आणि लवकर मुरते, एवढं लक्षात ठेवा.

मसाला

तयार पाकीट आणलं तर त्यावरचे घटक वाचा. भुकटीच्या स्वरूपातल्या मसाल्यात बहुधा मीठ असतंच, कधी कधी तेच सर्वांत जास्त असतं. अशा वेळी खाली सांगितलेलं मीठ जवळजवळ वगळावं लागेल. अख्ख्या मसाल्याच्या पुरचुंडीत सहसा मीठ नसतं.

घरी करायचा तर ५ लिटर पाण्याला: पिवळी मोहरी आणि धणे प्रत्येकी २ मोठे चमचे, शेपूचं बी १ मोठा चमचा, काळी मिरी १ मोठा चमचा, सेलरीचं बी १ छोटा चमचा, ऑलस्पाइसचे १०–१२ दाणे, लवंगा ६, लॉरेलची पानं ६. हे सगळं जाडसर ठेचून पातळ सुती फडक्यात सैल बांधा, नाहीतर जेवताना दर घासाला मोहरी चावली जाईल. भुकटी थेट पाण्यात: पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) २ मोठे चमचे आणि केयेन मिरचीची पूड १ मोठा चमचा. पॅप्रिका रंगासाठी, केयेन तिखटासाठी. पहिल्या वेळी केयेन अर्धा चमचाच घाला, नंतर लोण्यातून वाढवता येतं.

मीठ १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे सहा-सात सपाट मोठे चमचे. हे वाचून हात आखडतो, मला माहीत आहे. पण यातलं बरंचसं पाण्याबरोबर मोरीत जातं. पाणी चाखल्यावर पिववणार नाही इतकं खारट लागलं पाहिजे. जेवणात आवडेल एवढंच खारट असेल तर बटाटा आणि कोळंबी दोन्ही अळणी निघणार.

काही जण पाण्यात बिअर ओततात. पाच लिटर मसालेदार पाण्यात एका बाटलीची चव मला तरी कळत नाही.

पाणी, मग बटाटे

पाणी, मीठ, मसाल्याची पुरचुंडी, भुकटी, चार फोडी केलेले कांदे आणि आडवे मधोमध कापलेले लसणाचे गड्डे एकत्र करून झाकण ठेवून उकळी आणा. उकळी फुटल्यावर १५ मिनिटं तशीच चालू ठेवा. अख्खा मसाला पाण्यात उतरायला एवढा वेळ लागतोच. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा, कारण तिखटाची वाफ सरळ घशात जाते. लहान मुलांना यावेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवलेलं बरं.

आता बटाटे. चार-पाच सेंटिमीटरचे, पातळ सालीचे, न सोललेले. मोठे असतील तर अर्धे करा. ते एकटेच १० मिनिटं शिजू द्या.

लिंबू अजून घालायचं नाही. पुष्कळ कृतींमध्ये ते सुरुवातीलाच पिळून टाकायला सांगतात, आणि बटाटे अर्धा तास झाला तरी का शिजत नाहीत याचं उत्तर बरेचदा तिथेच असतं. आंबट पाण्यात बटाट्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन लवकर सैल पडत नाही. बटाटे मऊ झाले की मग लिंबू.

दहा मिनिटांनी सॉसेजचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे आणि कणसं सोडा. आणखी ६–७ मिनिटं. मग बटाट्यात सुरी टोचून बघा. ती सहज आत जायला हवी. जात नसेल तर थांबा, कारण कोळंबी एकदा पडली की बटाट्यांसाठी वेळ उरत नाही. सगळी घाई पुढे आहे, इथे निवांत राहा.

कोळंबीची तीन मिनिटं

कोळंबी टाकण्याआधी बर्फ, झारा, एक ताटली आणि सुरी हाताशी ठेवा. दोन लिंबं अर्धी करून पाण्यात पिळा आणि सालं आतच टाका. गॅस पूर्ण मोठा करा. पाणी खळखळून उकळायला लागलं की सगळी कोळंबी एकदम सोडा, झाऱ्यानं खाली दाबून एकदा ढवळा आणि घड्याळ बघा.

उकळी लगेच बसेल. किलोभर थंड कोळंबी पडल्यावर ती बसणारच, म्हणून ती परत येण्याची वाट पाहू नका. कमी ताकदीच्या शेगडीवर उकळी परत येईपर्यंत कोळंबी शिजून गेलेली असते. २१/२५ आकाराला दोन मिनिटं, १६/२० ला तीन, हा अंदाज. त्याहून लहान असेल तर टाकून, ढवळून जवळजवळ लगेच गॅस बंद.

पण घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. दीड मिनिट झालं की एक कोळंबी काढा. साल गुलाबी-केशरी झालेलं असेल, त्यावर जाऊ नका. कोळंबीत एक केशरी रंगद्रव्य प्रथिनात अडकलेलं असतं. उष्णतेनं ते प्रथिन उलगडतं आणि रंग मोकळा होतो. हे गर शिजण्याच्या आधीच घडतं. बघायचं ते मानेकडचं टोक, जिथून डोकं काढलेलं असतं, कारण कोळंबी तिथे सर्वांत जाड असते. ते आडवं कापा. बाहेरून आत दुधी पांढरा गर आणि अगदी मध्ये मसुराएवढा काचेसारखा ठिपका दिसला की हीच वेळ: गॅस बंद. तो ठिपका पुढच्या अर्ध्या-एक मिनिटात स्वतःच्या उष्णतेनं पांढरा होतो. मधला काचेरी भाग मोठा असेल तर अर्धं मिनिट आणखी. ठिपका कुठेच नसेल आणि कोळंबीनं अंगाचं गच्च वेटोळं केलं असेल तर ती पुढे गेली आहे. नीट शिजलेली कोळंबी सैल अर्धगोल राहते. थर्मामीटर असेल तर अमेरिकेतला सुरक्षिततेचा मापदंड गराच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस असा आहे.

मुरवण

गॅस बंद केला म्हणजे शिजणं थांबलं असं होत नाही. पाणी अजून नव्वदच्या वर असतं आणि त्यात पंधरा मिनिटं ठेवलेली कोळंबी बिघडणारच. म्हणून एक मिनिट थांबा, एक कोळंबी कापून मधला ठिपका गेल्याची खात्री करा आणि मग बर्फ घाला. पाच लिटर पाण्याच्या या पातेल्यात एक ते दीड किलो बर्फानं पाणी साठ-सत्तर अंशांवर येतं. तिथे शिजण्याचा वेग इतका मंदावतो की मुरायला सवड मिळते. पाणी थोडं पातळ होतं, पण आपण मीठ घालताना त्याचा हिशेब धरलेलाच आहे. लुइझियानात बर्फाऐवजी गोठवलेली कणसं याच वेळी टाकण्याचीही पद्धत आहे, आणि ती मला फार आवडते: पाणीही निवतं आणि कणसंही मऊ न पडता मुरतात. घरच्या पातेल्यात मात्र चार कणसांनी काम भागत नाही, सोबत बर्फ लागतोच.

आता पाच मिनिटांनी एक कोळंबी सोलून खा. साल चाटू नका, गर खा. चव आत पोचली नसेल तर आणखी पाच मिनिटं, मग पुन्हा एक. दहा ते पंधरा मिनिटांत साधारण जमतं. पाठ चिरलेली असेल तर पाच-सातमध्येच. त्यापुढे ठेवू नका. नुसतं खारट होतं, आणि जास्त वेळ गरम पाण्यात राहिलेल्या कोळंबीचं साल गराला असं चिकटतं की सोलताना निम्मा गर त्याच्याबरोबर जातो.

मक्याच्या दाण्यांमध्ये हे पाणी सर्वांत जास्त साठतं. म्हणून तिखट न सोसणाऱ्यांसाठी कणसांचे दोन-चार तुकडे आणि बटाटे बर्फ घालण्याआधीच काढून ठेवा.

पातेलं उचलून मोरीत ओतायला जाऊ नका. दहा किलोच्या आसपास वजन आणि भाजणारं पाणी. झाऱ्यानं सगळं चाळणीत काढा, पाणी नंतर निवल्यावर टाका.

लोणी

मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे येतो ते पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. मिरचीचा लाल रंगही तसाच स्निग्धात उतरतो, पातेल्यावर लाल तवंग दिसतो तो त्यामुळेच. म्हणून शेवटी थोडं लोणी हवंच. १०० ग्रॅम लोणी मंद गॅसवर वितळवा, त्यात सात-आठ पाकळ्या बारीक चिरलेला लसूण एक मिनिट परता, तपकिरी होऊ न देता. पॅप्रिका आणि केयेन चिमूट-चिमूट, उरलेल्या लिंबाचा रस, पातेल्यातलं एक पळी पाणी. हे निथळलेल्या सगळ्या ढिगावर ओतून हलवा. ह्यूस्टनमधल्या व्हिएतनामी-अमेरिकन लोकांनी क्रॉफिशला अशाच लसूण-लोण्यात घोळवण्याची पद्धत रूढ केली. जुन्या वळणाचे लुइझियानाकर याला नावं ठेवतीलही, पण घरच्या छोट्या पातेल्यातल्या बॉइलला यानं जी भर येते ती सोडू नये.

सोबतीला केचपमध्ये किसलेलं हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ), लिंबू आणि थोडा टबॅस्को (मिरचीचा तिखट सॉस) मिसळून सॉस करा. आणखी काही लागत नाही.

टेबल

तिकडे वर्तमानपत्र पसरतात. मी कोरा तपकिरी कागद दोन पदरी घालायला सांगेन, शाई अन्नाला लागत नाही. प्रत्येकाजवळ भरपूर रुमाल, मध्ये सालांसाठी एक मोठं भांडं. ताटं, काटे-चमचे नकोत.

ज्यांना सोलायची सवय नाही त्यांना एकदा करून दाखवा. डोकं असेल तर ते पिळून वेगळं करायचं. पोटाकडचे पाय दोन बोटांत धरून एका झटक्यात ओढायचे, त्यांच्याबरोबर सालाची एक बाजू सुटते. मग अंगठा आत घालून साल पाठीवरून गोल फिरवायचं. शेवटी शेपटीच्या बुडाशी चिमटा घेऊन ओढलं की गर अख्खा बाहेर येतो. बोटांना लागलेला मसाला त्या गराला लागतो, ही अर्धी चव आहे. डोळ्यांना हात मात्र लावू नका, आणि जेवण झाल्यावर आधी साबणानं, मग लिंबाच्या सालीनं हात चोळा.

उरलं तर

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एका तासात. कोळंबी सोलूनच ठेवा, साल ठेवलं तर ती खारट होत जाते. तीन दिवसांत संपवा, आणि शक्यतो थंडच खा, कारण पुन्हा गरम केली की ती चिवट होते. दाणे कणसावरून सुरीनं उतरवा, बटाट्याच्या फोडी करा, त्यात कोळंबी, थोडं मेयोनेझ आणि लिंबू घातलं की दुसऱ्या दिवसाचं सॅलड तयार. मीठ चाखल्याशिवाय घालू नका.

त्याच दिवशी दुसरा घाणा काढायचा असेल तर बर्फ घालण्याआधी पहिला घाणा वेगळ्या भांड्यात, मूळ पाण्यापैकी दीड-दोन लिटर आणि त्या मानानं निम्मा बर्फ घेऊन मुरवा, म्हणजे पातेल्यातलं बाकीचं पाणी पातळ होत नाही. उणं झालेलं पाणी भरा, लिटरमागे एक सपाट मोठा चमचा मीठ घाला आणि पुन्हा खळखळून उकळी आणा. लिंबाची सालं आठवणीनं काढून टाका. तरीही पाण्यात आंबटपणा राहतोच, त्यामुळे दुसऱ्या घाण्याचे बटाटे साध्या खारट पाण्यात वेगळे उकडून आणलेले बरे.